आधी गरी, मग रीळ

एका नावाने केवढा घोटाळा व्हावा!

आपला चोणक घ्या. खाडीच्या तोंडाशी, मानशीच्या दाराशी, खारफुटीच्या मुळांत दबा धरून बसणारा, आणि रव्यात घोळवून तव्यावर पडला की शेजाऱ्यांनाही कळणारा आपला चोणक. रायगडात हाच जिताडा, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. इंग्रजीत त्याला 'एशियन सी बास' असेही म्हणतात. हॉटेलांच्या मेनूकार्डावर 'सी बास' झळकू लागला तेव्हा मी काही बोललो नाही. नावाने चव बदलत नाही. पण त्या नावातला 'बास' आता गरीच्या सामानाच्या दुकानात शिरला आहे, आणि तिथे तो आमच्या भुरग्यांचा खिसा रिकामा करतो, वर चोणकाच्या तोंडात लोखंड ठेवून जातो. म्हणून हे भांडण.

भांडण कोणाशी, ते आधी सांगतो. रॉड-रीळ वापरणाऱ्यांशी नाही, मी स्वतः वापरतो. भांडण आहे ते उलट्या खरेदीशी. नवा माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "चोणकासाठी काहीतरी द्या." उत्तर येते, "चोणक म्हणजे सी बास, म्हणजे बासचे सामान घ्या." मग तो आधी रीळ पसंत करतो, कारण ते चकचकते, फिरवले की गोड आवाज करते आणि त्याचा फोटो चांगला येतो. मग रिळाला शोभेल असा रॉड. दोरीची पाळी येईपर्यंत पैसे संपत आलेले असतात, म्हणून "दोरी कुठलीही चालेल". आणि गरी? गरी तर प्लास्टिकच्या माशाला लटकून फुकटच आलेली!

आता मला सांगा, पाण्याखाली चोणकाची गाठ कोणाशी पडते? त्याला आयुष्यात रीळ दिसतच नाही. दिसलेच तर ते आयुष्य संपत आलेले असते. त्याला भेटते ती गरी. गरीमागची हातभर दोरी. त्यामागची गाठ. म्हणजे ज्या वस्तूंवर सगळा खेळ अवलंबून, त्यांच्यावर आपण सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात कमी डोके खर्च करतो. मग चोणक एक उडी मारतो, डोके झटकतो, आणि भुरगा घरी येऊन म्हणतो, "नशीब नाही हो!" नशिबाचा काय संबंध? गरी सरळ झाली होती.

ज्या बाससाठी हे सामान घडले तो बास कोण, तेही पाहू. तो लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. शास्त्राच्या हिशेबाने तो चोणकाचा भाऊबंदही नव्हे. तो सनफिशच्या कुळातला, चोणकाचे कूळ वेगळे. त्याचा जागतिक विक्रम १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी याने केला. मासा २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोंहून जरासा जास्त. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने ती केली. एरवी तिकडच्या तळ्यांत किलो-दोन किलोंचा बास मिळाला तरी माणूस खूश असतो. आमचा चोणक मीटरभराहून लांब होऊ शकतो.

१९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमाविक्रेत्याने आर्कान्सासमधल्या बीव्हर लेकवर बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली. त्यातून तिकडे एक खेळ उभा राहिला, आणि खेळापेक्षा मोठा धंदा. त्या खेळाची गरज काय? धरणामागच्या साठलेल्या पाण्यात, वेगवान बोटीवरून, ठरलेल्या तासांत, जास्तीत जास्त वजनाचे मोजके मासे. म्हणून बोटीवर सहा-सात रॉड तयार ठेवलेले, प्रत्येक रॉड एका प्रकारच्या ल्युअरसाठी. म्हणून पाणवेलींत नि बुडालेल्या झाडांत अचूक टाकता येईल असे रीळ. म्हणून झरझर दोरी गुंडाळणारे गिअर. हे सगळे अगदी शहाणपणाचे आहे. त्यांनी आपला मासा पाहिला, आपले पाणी पाहिले आणि त्यावरून सामान ठरवले. आम्ही काय केले? त्यांचा विचार तिथेच ठेवला आणि यादी तेवढी उचलून आणली!

आमचे पाणी पाहा. आम्ही बोटीवर नसतो. खाजनाच्या बांधावर, पुलाच्या कठड्याशी, नाहीतर खडपावर उभे असतो. पाणी साठलेले नसते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. सुकतीला मानशीची दारे उघडून खाजनातले पाणी बाहेर पडते, त्याबरोबर सुंगटे नि बारीक नुस्ते बाहेर येते, आणि चोणक तिथेच वाट पाहत असतो. (मानशीवरची मासेमारी पुष्कळ ठिकाणी लिलावाने दिलेली असते. विचारल्याशिवाय तिथे दोरी टाकू नये.) पाण्यात मीठ. खडकांना आणि पुलाच्या खांबांना कालवे चिकटलेली, ब्लेडसारखी. आणि मासा कसा? घरी ज्यांनी चोणक साफ केला आहे त्यांना विचारा. तोंडात दात मोठे नाहीत, पण आतून सगळे सॅंडपेपरसारखे खरखरीत. कल्ल्यांवरच्या झाकणाची कड तर सुरीसारखी. गरी लागली की तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो, तेव्हा दोरी त्या कडेवर घासते. अशा माशापुढे बाससाठी केलेली बारीक दोरी कितीशी टिकणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच: सामान माशाच्या तोंडाकडून आपल्या हाताकडे निवडत यावे. आधी गरी, मग लीडर, मग दोरी, मग रॉड, आणि शेवटी रीळ. ह्याच क्रमाने जाऊ.

गरी. बासच्या ल्युअरला आलेल्या तीन काट्यांच्या गऱ्या पुष्कळदा बारीक तारेच्या असतात. त्या काढा नि जाड तारेच्या लावा. गरी ज्या कडीत अडकते ती कडीही बदला, कारण तीही उघडते. नव्या गऱ्या जड असल्या तर तरंगणारा ल्युअर बुडू शकतो. म्हणून घरी बादलीत टाकून पाहा, खाडीवर जाऊन शोध लावू नका. जिवंत सुंगट लावणार असाल तर एकच गरी, सुंगटाला पोहता येईल इतपत लहान आणि चोणकाला सरळ करता येणार नाही इतपत मजबूत. धार पाहायची ती अंगठ्याच्या नखावर. टोक टेकवून हलकेच ओढा: घसरले तर बोथट, रुतले तर चांगले. ह्या परीक्षेला एक पैसा लागत नाही, तरी किती जण करतात?

लीडर. (राजकारणातला नव्हे, हा खरोखर पुढे राहून मार खातो.) मुख्य दोरी आणि गरी यांच्यामधला हा जाड तुकडा. चोणकाच्या कल्ल्यांशी आणि कालवांशी घासण्याचे काम ह्याचे. ४० ते ६० पौंडांचा, म्हणजे साधारण १८ ते २७ किलो ताण सोसणारा, जाड नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन, मीटरभर किंवा थोडा जास्त. दर माशानंतर त्यावरून बोटे फिरवायची. खरखर लागली की तेवढा भाग कापून पुन्हा बांधायचे. रिळावर हजारो रुपये घालणारा माणूस वीतभर लीडर कापताना जीव खाली-वर करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दोरी. आपले जुने तंगूस म्हणजे एकेरी नायलॉन. नायलॉन ड्यूपॉंट कंपनीने १९३८ साली जगापुढे आणले. तंगूस ताणले की लांबते, आणि तोच त्याचा गुणही आहे नि दोषही. दुसरी दोरी विणलेली, पॉलिथिलीनच्या अतिशय मजबूत धाग्यांची. तिला ब्रेड म्हणतात. पोदेराशी काही संबंध नाही. ती जवळजवळ ताणत नाही. २० पौंडांचे तंगूस सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असते, तितक्याच ताकदीची विणलेली दोरी ०.२३ मिलिमीटरच्या आसपास. बारीक असल्याने ती लांब जाते आणि भरतीचे पाणी तिला कमी ओढते. मात्र कालवावर घासली की संपली. म्हणून मुख्य दोरी विणलेली, २० ते ३० पौंडांची, आणि पुढे लीडर.

दुकानात सांगतात, "५० पौंडांची घ्या, तुटणारच नाही." मग काय होईल? खडपात अडकली की रॉड मोडेल, नाहीतर गरी वाकेल, नाहीतर तुम्ही बांधावरून घसराल. कुठेतरी काहीतरी तुटणारच. ते कुठे तुटावे हे आधी ठरवणे, ह्यालाच सामान जुळवणे म्हणतात. मुख्य दोरी लीडरपेक्षा हलकी असली आणि दोघांची गाठ नीट बांधलेली असली, की ताण हाताबाहेर गेल्यावर दोरी बहुधा त्या गाठीशीच सुटते. पाण्यात जातो तो मीटरभर लीडर नि एक गरी. नाहीतर खारफुटीत पन्नास मीटर दोरी लोंबकळत राहते आणि तिच्यात बगळ्यांचे पाय अडकतात.

गाठीविषयी दोन वाक्ये. आवळण्याआधी गाठ ओली करा, कोरडी आवळली की घासून तापते नि कमजोर होते. आणि एक गाठ लीडरची, एक गरीची, एवढ्या दोनच शिका, पण अंधारात बांधता आल्या पाहिजेत.

रॉड. रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते: किती ग्रॅम वजन फेकावे, किती पौंडांची दोरी वापरावी. ते वाचा. किंमत नंतर वाचा. रॉडची ताकद एक आणि तो कुठून वाकतो हे दुसरे. दुकानात दोन्हींची खिचडी करून सांगतात. बांधावरून किंवा पुलाशी ७ फुटांचा, १० ते ३० ग्रॅम फेकणारा, टोकाकडून वाकणारा पण मधे जीव असलेला रॉड पुरे. खडपावरून किंवा वेळेवरून लांब फेकायचे तर ९ फूट. झाडूच्या दांड्यासारखा ताठ रॉड बासच्या वेलींत कामाचा. न ताणणाऱ्या दोरीबरोबर तो आमच्याकडे घेतलात तर चोणकाच्या पहिल्या झटक्याला तोंडातला मऊ भाग फाटून गरी सुटते. कुठेतरी काहीतरी लवचीक हवे, आणि दोरी लवचीक नसेल तर ते रॉडलाच व्हावे लागते.

घेण्याआधी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कडीला बारीक चीर असली तर कापूस अडकतो, आणि तीच चीर उद्या तुमची दोरी कापते. आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नका: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. खाडीवरून विजेच्या तारा गेल्या असतील तिथे रॉड उंच करू नये, आणि पावसात कडकडाट सुरू झाला की सरळ घरी जावे. चोणक उद्याही मिळेल.

आणि आता रीळ. होय, शेवटी. बासच्या स्पर्धांतले, फिरत्या चाकाचे बेटकास्टर रीळ सुंदर असते. पण वाऱ्यात, काळोखात, हलके सुंगट फेकताना चाक दोरीपेक्षा जोरात फिरते आणि हातात कावळ्याचे घरटे येते. बांधावरच्या माणसाला स्थिर चाकाचे साधे स्पिनिंग रीळ बरे, ३००० किंवा ४००० आकाराचे, दीडशे-दोनशे मीटर दोरी मावणारे. बेअरिंग किती, हे जाहिरातीचे गणित आहे. तुम्ही विचारा की ड्रॅग धक्का न देता सुटतो का, आणि खाऱ्या पाण्यापासून आतल्या भागाला आडोसा आहे का. विणलेल्या दोरीच्या आधी चाकावर थोडे तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी दोरी चाकावर गोल घसरते आणि तुम्हाला वाटते ड्रॅग बिघडला. दोरी चाकाच्या ओठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकी भरा.

ड्रॅग म्हणजे ठरलेल्या ताणाला दोरी सोडणारा ब्रेक. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा. २० पौंड म्हणजे ९ किलो, त्याचा पाव हिस्सा सव्वादोन किलो. मोजायचे कसे? दोन लिटरची बाटली पाण्याने भरा, दोरीला बांधा, रीळ हातात धरून उचला. जेमतेम उचलता-उचलता दोरी सुटू लागली की झाले. काट्यावर काटा, पैसा शून्य. आणि हे लक्षात ठेवा की मासा दूर गेला, चाकावरची दोरी कमी झाली, की तोच ड्रॅग जास्त घट्ट होतो. चाकावरच्या दोरीचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. अशा वेळी घाबरून ड्रॅग आणखी आवळणारा माणूस स्वतःच मासा सोडतो.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून रिळावर गोडे पाणी हलके शिंपडा, जोराचा फवारा नको, नाहीतर मीठ आत ढकलले जाते. पुसा, वाळवा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. असे ठेवलेले साधे रीळ वर्षानुवर्षे चालते. न धुतलेले महागडे रीळ एका पावसाळ्यात गळा काढते.

ह्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला शौकिनांचा: "अहो, बासच्या सामानावर मी चोणक धरला आहे, हा बघा फोटो." धरला असेल. चपला घालूनही डोंगर चढता येतो. निसटले किती, ते मात्र फोटोत दिसत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या गरीवाल्यांचा: "रॉड म्हणजे नुसती ऐट. आम्ही हातदोरीने धरले नाहीत काय?" धरले, आणि त्यांच्यापुढे मी नमूनच बोलेन. कुठल्या सुकतीला कुठल्या खांबाशी चोणक येतो, हे कोणत्याही रिळाच्या खोक्यावर लिहिलेले नसते. त्यांचे बोट हाच ड्रॅग होता. बिवा सरोवरातला तो १० किलोंचा विक्रमी बासदेखील कुरिताने जिवंत लहान माशाच्या आमिषावर धरला होता. म्हणजे शेवटी म्हाताऱ्यांचीच विद्या कामी आली. पण रॉड निव्वळ ऐट नाही. हातदोरी जिथे पोचत नाही तिथे रॉड पोचतो, झटका वाकून झेलतो, दोरी कालवांच्या वर उचलून धरतो. म्हाताऱ्यांकडून घ्यायचा आहे तो त्यांचा क्रम. ते गरी तासतासभर निवडत. दोरी गुंडाळायला लाकडाचा तुकडाही त्यांना चाले.

आणि हा क्रम आमच्या भाषेतच ठेवलेला आहे. आम्ही "गरीला जातो" म्हणतो. "रिळाला जातो" असे कोणी म्हणताना ऐकले आहे? ह्या सगळ्या विद्येचे नावच मुळी माशाच्या तोंडाकडच्या टोकावरून पडले आहे. विक्रेत्यांनी ते टोक फिरवून आपल्या हातात दिले, आणि आपण घेतले!

कोणी म्हणेल, एका माशासाठी एवढा आटापिटा कशाला? ज्याचा निसटला त्याच्यासाठी ती संध्याकाळची गोष्ट. माशासाठी मात्र ती तोंडातली गरी, मागे फरपटणारी दोरी, आणि कदाचित उपाशी मरण. चोणक जन्माला येतो तो बहुधा नर म्हणून, आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या माशापुढे आपले हलके सामान तुटते, ती बहुतेक वेळा खाडीची आई असते. तिला धरायची तर नीट धरावी, सोडायची तर दमवून अर्धमेली न करता लवकर सोडावी. दोन्हींसाठी जुळवलेले सामानच लागते.

तेव्हा मंडळी, पुढच्या खरेदीला शंभर रुपये असतील तर पहिले तीस गरी, लीडर आणि दोरीला बाजूला काढा. उरलेल्यात रॉड नि रीळ वाटून घ्या. दुकानदाराने रीळ पुढे केले की म्हणा, "ते राहू दे. आधी गऱ्या दाखवा." त्याच्याकडे दाखवायला चांगल्या गऱ्या नसतील, तर दुकान बदला.